मोबाईलची साक्ष
सांवेर तहसिलातील शेतकरी हल्ली वडिलोपार्जित बांधाच्या दाव्यासाठी मोबाईलवरील चित्रफीत घेऊन वकिलांकडे जातो. परंतु तिची नुसती नक्कल न्यायालयात पुरत नाही. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ यंत्र हजर न केल्यास नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये त्यावर यंत्र सांभाळणाऱ्याची व तज्ज्ञाचीही सही लागते. म्हणून दक्ष वकील अशिलास प्रथम हेच बजावतो: मूळ मोबाईल विकू नका, चित्रफितीत काटछाट करू नका आणि प्रमाणपत्राची तजवीज वेळीच करा. सत्य आपल्या बाजूस असले, तरी त्याचा पुरावा आपणच जपावयाचा असतो.