कूपरेजवर त्यांची नावे लागू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन,
कूपरेज, मुंबई

महोदय,


जळगावच्या माणसाने कूपरेजच्या मैदानाविषयी पत्र लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण आपली संघटना राज्याची आहे, म्हणून ते मैदान खानदेशाचेही आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ या उपक्रमाच्या निमित्ताने राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल खेळला गेला. त्या पिढीला महाराष्ट्राचा फुटबॉल कुठे घडला हे सांगायचे, तर बोट कूपरेजकडेच दाखवावे लागते.

१८९१ साली सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स चषक आधी गोऱ्या पलटणींचाच होता. पुढे तो हिंदी संघांनी जिंकला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी नेला. हा इतिहास निदान पुस्तकांत तरी सापडतो. माझी काळजी अलीकडच्या क्लबांची आहे.

महिंद्र कंपनीचा संघ १९६२ चा. ‘महिंद्र युनायटेड’ या नावाने त्याने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्याचे घर कूपरेज. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. २००७ मध्ये मुंबई एफसी आली. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना तिला घरचे सामने पुण्यात बालेवाडीला जाऊन खेळावे लागले. २०१७ मध्ये आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेल्यावर तीही संपली. खालिद जमील या दोन्ही संघांतून खेळले, मुंबई एफसीचे कित्येक वर्षे प्रशिक्षक होते आणि २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. अशी माणसे जिथे घडली, तिथे त्या क्लबांची खूण नको का?

क्लब बंद झाला की कार्यालयाला कुलूप लागते, चषक कुठल्याशा कपाटात जातात, खेळाडू पांगतात. जागेवर राहते ते फक्त मैदान. म्हणून क्लबचा इतिहास मैदानानेच सांभाळायला हवा, आणि कूपरेज आपल्या ताब्यात आहे.

मागणी साधी आहे. कूपरेजला घर मानून खेळलेल्या प्रत्येक क्लबचे नाव, त्याची वर्षे आणि जिंकलेल्या स्पर्धा प्रवेशद्वाराशी मराठीत लिहा. जुने निकाल, छायाचित्रे, तिकिटे, सामन्यांची पत्रके जुने खेळाडू आणि प्रेक्षक यांच्याकडून आताच मागवून घ्या. ती माणसे आहेत तोवरच हे काम होईल.

आणि हेच जिल्हा संघटनांनाही सांगा. आमच्या सागर पार्क मैदानावर कोणत्या पुढाऱ्याची सभा किती मोठी झाली हे जळगावकर चटकन सांगतील. तिथे कोण खेळले, हे विचारले की गाडी अडते. धुळ्यातही याहून वेगळे नसावे. मैदानावर खेळाचा हक्क आहे हे पटवायचे, तर तिथे खेळ झाल्याचा पुरावा हाताशी लागतो. नाहीतर मैदान भाड्याने घेणाऱ्या प्रदर्शनवाल्यांची पावती तेवढी दप्तरी राहते.

जिल्ह्यातल्या नोंदी गोळा करायला आम्ही तयार आहोत. पण ज्या संघटनेच्या दारातच राष्ट्रीय विजेत्या संघाची नोंद नाही असे दिसेल, तिचे परिपत्रक जिल्ह्यात कोण मनावर घेईल? पहिली पाटी कूपरेजला लागू द्या.

आपला,
जळगावचा एक फुटबॉलप्रेमी