अंगारकर्म, वनकर्म आणि एक चिमुकले घुबड

श्रावकाने उपजीविकेसाठी कोणते व्यवसाय करू नयेत, याविषयी जैन आचारपरंपरेत पंधरा नावे सांगितली आहेत. त्यांना कर्मादान म्हणतात. त्यांतील पहिले अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडणे व भट्टीचे उद्योग. दुसरे वनकर्म, म्हणजे जंगल तोडून विकणे. प्रतिक्रमणात ही नावे उच्चारली जातात, परंतु त्यांचा अर्थ किती दूरवर पोहोचतो, हे आफ्रिकेतील एका लहानशा पक्ष्याच्या जीवनावरून स्पष्ट दिसते.

केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेस, किलिफी आणि मालिंदी या गावांच्या दरम्यान अराबुको-सोकोके नावाचे अरण्य आहे. क्षेत्र सुमारे 420 चौरस किलोमीटर. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एकेकाळी पसरलेल्या वनपट्ट्याचा हा उरलेला मोठा तुकडा होय. सोकोके घुबड याच वनाच्या नावाने ओळखले जाते. त्याची लांबी जेमतेम 16-17 सेंटीमीटर आणि वजन सुमारे 50 ग्रॅम. आपल्याकडील पिंगळ्याहूनही ते लहान. डोळे फिकट पिवळे, डोक्यावर पिसांचे दोन छोटे तुरे, अंगावर पांढरे व काळसर ठिपके. या एकाच जातीत काही पक्षी राखी, काही तपकिरी, तर काही विटेसारखे तांबूस असतात.

दिवसा हे घुबड दाट झुडपात, फार उंच नसलेल्या फांदीवर, पुष्कळदा जोडीने निश्चल बसते. अंगाचा रंग वाळक्या पानांत असा मिसळतो की चार हातांवरूनही ते नजरेस पडत नाही. अंधार पडला की एकाच पट्टीतील ‘गूक-गूक-गूक’ अशी हळू शीळ ऐकू येते. भुंगेरे, रातकिडे यांसारखे कीटक हे त्याचे अन्न.

शास्त्राला या पक्ष्याचा परिचय झाला तो 1965 साली. पुढील वर्षी डिलन रिप्ले यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईच्या डॉ. सलीम अली यांच्यासह भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारे रिप्ले ते हेच. पुढे 1992 मध्ये टांझानियातील पूर्व उसांबारा डोंगरांच्या पायथ्यालाही हे घुबड आढळले. त्याचे घर फारच मर्यादित आहे.

अराबुको-सोकोकेतही ते सर्वत्र राहत नाही. या अरण्यात पांढऱ्या वाळूवरचे विरळ वन आहे आणि तांबड्या मातीवरचे सायनोमेट्रा वृक्षांचे गर्द वनही आहे. घुबडाची वस्ती प्रामुख्याने तांबड्या मातीवरच्या गर्द वनात असते. नेमक्या याच भागातील कठीण लाकडाला मागणी असते. घरासाठी वासे, चुलीसाठी सरपण, शहरांतील स्वयंपाकासाठी कोळसा आणि पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या कोरीव वस्तूंसाठी मुहुगु वृक्षाचे लाकूड. चोरट्या तोडीत जुने, जाड बुंध्याचे वृक्ष आधी जातात. सावली विरळ होते आणि घुबडाचा आसरा नाहीसा होतो. म्हणूनच त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. अंगारकर्म आणि वनकर्म ही दोन नावे येथे अक्षरशः समोर उभी राहतात.

तोडणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. वनाच्या कडेने राहणारे कुटुंब मक्याच्या तुटपुंज्या पिकावर जगते. कोळशाचे पोते म्हणजे मुलांच्या शाळेचे पैसे. हे ओळखून 1993 मध्ये वनाशेजारी गेदे येथे किपेपेओ हा उपक्रम सुरू झाला. स्वाहिली भाषेत किपेपेओ म्हणजे फुलपाखरू. गावकरी वनातील वनस्पतींच्या पाल्यावर फुलपाखरांचे कोश वाढवतात आणि ते परदेशांतील फुलपाखरू-प्रदर्शनांना पाठविले जातात. सोबत मधाचीही विक्री होते. उभे वन उत्पन्न देऊ लागले की ते राखण्यात कुटुंबाचा स्वार्थ निर्माण होतो.

श्रावकाची विवेकबुद्धी मात्र येथेही थबकेल. फुलपाखरू हा चतुरिंद्रिय जीव. त्याचा व्यापार कसा मान्य व्हावा? मध तर आपल्याकडे वर्ज्यच. अपुऱ्या जगात कमी हिंसेचा मार्गही पूर्णपणे निर्दोष नसतो, हे मान्य करावे लागते. तरीही ज्याच्यापुढे कोळशाची भट्टी हा एकच पर्याय होता, त्याला दुसरा पर्याय मिळाला, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

हा प्रश्न व्यापारी समाजाला परका नाही. जामनगर परिसरातून निघालेल्या ओसवाल कुटुंबांच्या कित्येक पिढ्या केनियात व्यापारात स्थिरावल्या. मोंबासात जैन मंदिरही आहे. हातात कुऱ्हाड न घेणाऱ्याला वाटते की आपला या हिंसेशी संबंध नाही. पण जैन विचार केवळ करण्यापाशी थांबत नाही; करविणे आणि अनुमोदन देणे यांचीही तो गणना करतो. लाकूड विकत घेणारा ते तोडवून घेत असतो आणि न विचारता घेणारा मूक अनुमोदन देत असतो. फर्निचर असो, पॅकिंगच्या पेट्या असोत वा दिवाणखान्यातील कोरीव हत्ती, माल घेताना दराबरोबर ‘हे लाकूड कोठले?’ एवढे विचारणे कोणत्याही दुकानदाराला अवघड नाही. पन्नास ग्रॅम वजनाच्या त्या जीवाचे अभय अशाच एखाद्या प्रश्नावर अवलंबून असते.