आधी विचारा, मग मदत करा



मी बेळगावात डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एसएसएलसी आणि पीयूसीच्या परीक्षांना दृष्टिहीन मुलांची लेखनिक, म्हणजे आम्ही ज्याला ‘रायटर’ म्हणतो ते काम, मी करते. मंडळीतले काका-मावश्या कौतुकानं म्हणतात, ‘केवढी सेवा करतेस गं!’ कौतुक कुणाला नको असतं? पण या ‘सेवा’ शब्दाबद्दलच दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

परीक्षेत अभ्यास त्या मुलाचा, उत्तर त्याचं. माझा फक्त हात. तो सांगेल तेवढंच लिहायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. त्याला रायटर मिळणं आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरलेत, उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखीव आहेत. पण कितीतरी घरांत हे ठाऊकच नसतं. आईवडिलांना ते सांगणं, अर्ज भरून देणं, हेही पेपर लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

याच कायद्यानं धार्मिक कार्यासाठी लोक जिथं जमतात त्या इमारतीही सार्वजनिक धरल्यात. मग आपल्या किती चर्चना रॅम्प आहे? मला संडे स्कूलला शिकवलेल्या बाई आता व्हीलचेअरवर असतात. पाळकसाहेब घरी जाऊन प्रभुभोजन देतात, नाताळात तरुण संघ गाणी म्हणायला जातो, केक देतो. प्रेमात काही उणं नाही. पण काय हवं, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘मला सगळ्यांबरोबर बसून गायचंय गं.’ त्यांच्या आणि उपासनेच्या मध्ये फक्त तीन पायऱ्या आहेत.

एक पायरी सहा इंचांची धरली तर तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. कुणी म्हणतं, एका माणसासाठी एवढा खर्च कशाला? चौघं मिळून खुर्ची उचलू की! पण दर रविवारी चारचौघांत असं उचलून घेणं कुणाला आवडेल? आणि मार्कच्या शुभवर्तमानातले ते चौघं आठवा. कफर्णहूममध्ये एका पक्षघाती माणसासाठी त्यांनी घराचं छप्पर उसकटलं. आपल्याला तर थोडं सिमेंटच लागणार आहे. शिवाय गुडघे सगळ्यांचेच दुखणार आहेत, आज ना उद्या.

आंधळा बार्तीमय हाका मारत होता, तेव्हा येशूनं त्याला आधी विचारलं, तुला काय हवं? त्याला दिसत नाही हे समोर दिसत असूनही विचारलं. पंडिता रमाबाईंना ऐकू कमी येत असल्यानं इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेता आलं नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी जे घर उभं राहिलं, त्याचं नाव बार्तीमी सदन. हा आपलाच वारसा आहे.

म्हणून पास्टरेट कमिट्यांना नम्र विनंती: यंदाच्या बजेटमध्ये रॅम्प धरा. गीतांची मोठ्या अक्षरांतली काही पुस्तकं ठेवा. बाकड्यांच्या रांगेत व्हीलचेअरपुरती जागा सोडा, म्हणजे कुणाला वाटेत बसल्यासारखं वाटणार नाही. आणि हे ठरवताना ज्यांच्यासाठी करायचं त्यांना मीटिंगला बोलवा.

माझ्या वयाच्या मुलामुलींना सांगणं आहे, परीक्षा जवळ आल्या की रायटर कमी पडतात. दृष्टिहीन मुलांच्या शाळांकडे आत्ताच नाव देऊन ठेवा. मूल कुठल्या धर्माचं, मराठी की कन्नड बोलणारं, हे पाहू नका. फक्त त्याची भाषा नीट लिहिता आली पाहिजे. शेजारच्या हिंदू-मुस्लिम मित्रांनाही घेऊन या.

आपली नम्र,
एक कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव