वाळलेला पंजा आणि घाईचं निदान

अठरा-वीस वर्षांचा मुलगा. शर्टाचं बटण लावताना बोटं थरथरतात, थंडीत पकड आणखी ढिली पडते, आणि बघता बघता एका हाताचा पंजा वाळू लागतो. दुखत नाही, बधिरही वाटत नाही, म्हणून घरात काही महिने कुणी मनावर घेत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर लक्षणं टाकून बघतं आणि समोर 'मोटर न्यूरॉन डिसीज' हे नाव येतं, शेजारी स्टीफन हॉकिंग यांचा खुर्चीतला फोटो. त्या दिवसापासून घराला झोप नसते.

अशा घरांना केइझो हिरायामा हे नाव ठाऊक असायला हवं. या जपानी मेंदूविकारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये हेच चित्र असलेल्या तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. रुग्ण बहुतेक मुलगेच. आजार काही वर्षं वाढतो आणि मग बहुतेकांत आपण होऊन थांबतो. मोटर न्यूरॉन डिसीजच्या एएलएस या जीवघेण्या प्रकारात असं घडत नाही. हिरायामांचं म्हणणं पटायला वेळ लागला, कारण न मरणाऱ्या रुग्णाचा मज्जारज्जू तपासणार कसा? अखेर दुसऱ्याच आजारानं दगावलेल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनाचा तपशील 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. मानेच्या खालच्या भागात, हाताला हुकूम देणाऱ्या पेशी जिथे असतात नेमकं तिथेच नुकसान सापडलं.

सर्वाधिक मान्य असलेला खुलासा असा: वाढीच्या वयात मज्जारज्जूभोवतीचं आवरण कण्याच्या उंचीला पुरत नाही. मान पुढे वाकवली की ते ताणून पुढे सरकतं, मज्जारज्जू मणक्यावर दाबला जातो आणि त्या पेशींचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून सरळ झोपवून काढलेला एमआरआय पुष्कळदा निर्दोष दिसतो. दोष दिसतो तो मान वाकवून काढलेल्या चित्रात. उपचार काय, तर मानेला कॉलर, तीही दोन-चार वर्षं. वेळेवर लावली तर आजाराची वाढ लवकर थांबू शकते. गेलेले स्नायू मात्र सहसा परत येत नाहीत, म्हणून वेळ महत्त्वाची.

आपल्या देशातही हे काम झालं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. एम. गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी एकच हात किंवा पाय वाळलेल्या 23 रुग्णांचा अभ्यास 1984 मध्ये मांडला आणि या प्रकाराला 'मोनोमेलिक अमायोट्रॉफी' म्हटलं. तेवीस हा आकडा आजच्या मोठमोठ्या चाचण्यांपुढे किरकोळ वाटेल. मला तो मोठा वाटतो. आजार थांबला हे सांगायला रुग्णाला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. हे चिवट काम पाच मिनिटांच्या ओपीडीत होत नाही आणि त्याच्या बातम्याही होत नाहीत.

वाळलेल्या पंजाची सोंगं आणखीही आहेत. कुष्ठरोगात कोपराजवळची नस जाड होऊन करंगळी वाकते, पण तिथे कातडी बधिर असते. ती नस बोटांनी चाचपायला पैसे पडत नाहीत, आणि औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. 'मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी'त मात्र संवेदना शाबूत राहतात, त्यामुळे ती एएलएससारखीच दिसते. तिच्यातला दोष नसांना शॉक देऊन केलेल्या तपासणीत सापडू शकतो, आणि शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिननं हाताची ताकद पुष्कळदा सुधारते. ते महाग आहे, हा वेगळा आणि कडवट विषय.

खरा एएलएस निघाला तर आजही हाती फार थोडं आहे: रिल्युझोलनं मिळणारे काही महिने, आणि एसओडी1 जनुकात दोष असलेल्या मोजक्यांसाठी 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टोफर्सन. म्हणूनच ते नाव उच्चारण्याआधी बाकीच्या शक्यता तपासणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, सौजन्य नव्हे.

घरच्यांना माझं सांगणं एवढंच: दर महिन्याला डॉक्टर बदलू नका. वाळलेल्या हाताचे फोटो तारखेसह ठेवा, जुने रिपोर्ट फेकू नका आणि सहा महिन्यांनी त्याच मेंदूविकारतज्ज्ञाकडे परत जा.