भाऊबंदकी, ४८ के

ऑफिसच्या कँटीनमध्ये आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले भिडले की मी गुपचूप चहाचा ग्लास उचलून खिडकीशी जाते. बोअर होतं म्हणून नाही हं. लेव्हलच नाही! दोस्तहो, खरं भांडण ऐकायचं असेल तर चतुर्थीला मालवणात आमच्या घरी या. एक माझे बाबा, दुसरा माझा चुलतकाका. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. आरती संपायचा अवकाश, की पडवीत सुरू: स्पेक्ट्रम भारी की बीबीसी मायक्रो?

ही नावं ऐकून ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यासाठी छोटासा फ्लॅशबॅक. १९८६च्या सुमाराला डेसिबेल्स नावाच्या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस लायसन्स घेऊन भारतात विकायला आणला. मेमरी ४८ के. (तुमच्या ग्रुपवर रोज येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा बहुतेक याहून जाडजूड असतो.) टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, पाच मिनिटं कानठळ्या बसवणारी किंचाळी ऐकायची, मग गेम सुरू. झालाच तर. मुंबईच्या आजोबांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून बाबांना तो घेऊन दिला.

काका तेव्हा कोल्हापूरला आत्याकडे राहून शिकत होता. १९८४-८५मध्ये सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा कॉम्प्युटर प्रकल्प काढला, त्यात शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. काकाच्या शाळेतही आले. आठवड्यातून एक तास, एका मशीनपुढे पाच पोरं, चपला बाहेर. म्हणजे बघा, एकाचं मशीन घरचं, दुसऱ्याचं सरकारी. बाकी सगळं भांडण या एका गोष्टीवर उभं आहे, असं माझं मत. दोघांपैकी कुणालाही दुसरं मशीन मिळणार नव्हतं. मग जे हाताशी आहे तेच जगात बेस्ट असायला नको?

तर त्या वर्षी बाबा गणपतीला स्पेक्ट्रम मांडीवर घेऊन रात्रभर एसटीने मालवणात आले. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरसुद्धा धड नव्हती. अख्खी वाडी बघायला जमली. मशीनचं नावच स्पेक्ट्रम, कोपऱ्यावर सप्तरंगी पट्टा, आणि घरातला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट! बाबा शपथेवर सांगत होते, हा निळा आहे, हा पिवळा आहे. काका हसून गडाबडा लोळला. त्यात कॅसेट शेवटच्या मिनिटावर आली आणि लाईट गेली. सप्टेंबरचा पाऊस, मालवण, लाईट राहणार थोडीच! पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हापासून डायलॉग ठरलेले. काका: आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग, त्याला काय स्पेक्ट्रम म्हणतात? बाबा: तुमच्या ३२ केतले २० के तर पडदाच खातो, उरलं काय? काका: कीबोर्ड बघ, टाइपरायटरसारखा. बाबा: फीसुद्धा टाइपरायटर क्लाससारखीच घ्यायचे का?

गंमत म्हणजे तिकडे केंब्रिजमध्येही हेच चाललं होतं. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीचा क्रिस करी आधी क्लाइव्ह सिंक्लेअरकडेच कामाला होता. वेगळा झाला, स्वतःचं दुकान थाटलं. १९८४च्या नाताळात एकॉर्नने जाहिरात दिली, सिंक्लेअरची मशीन्स कशी बिघडून परत येतात याची. सिंक्लेअरने करीला पबमध्ये गाठलं आणि पेपरची गुंडाळी करून बडवलं! मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, “म्हणजे भाऊबंदकीच मरे ती.” इतकं अचूक मी कुठे वाचलेलं नाही.

मी सातवीत असताना एका चतुर्थीला मात्र हे भांडण झालंच नाही. मागच्या माडांच्या वाटणीवरून दोघांचं आतून काहीतरी बिनसलं होतं. त्या अख्ख्या आठवड्यात स्पेक्ट्रमचं नाव कुणी काढलं नाही. “मोदक घे ना अजून,” “नको नको, तू घे.” इतकी सभ्यता बघून आजीला रडू फुटलं. मी पण जाम घाबरले होते. पुढच्या वर्षी आम्ही खळ्यात पाय ठेवतोय तोच काका ओरडला, “काय रे, तुझो डबो काय म्हणता?” आणि आजीने देवाला साखर ठेवली. माडांची वाटणी अजूनही झालेली नाही, बाय द वे.

अलीकडे काकाकडे हुकमाचा एक्का होता. एकॉर्नच्याच लोकांनी १९८५मध्ये एआरएम नावाची चिप बनवली. आज आयफोन घ्या नाहीतर अँड्रॉइड, आत तिचेच वंशज. आणि सिंक्लेअरने १९८६मध्येच कॉम्प्युटरचा धंदा अॅमस्ट्रॅडला विकून टाकला. “तुझ्या खिशातपण माझंच मशीन,” असं म्हणून काका बाबांच्या खिशाला टिचकी मारायचा. यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. ते नुसते म्हणायचे, “माझं माझ्या घरी होतं.”

मग आला २०२१चा गणपती. १७ सप्टेंबरची सकाळ, अकरा दिवसांची मूर्ती अजून माटवीखाली. बाबांनी फोनवर बातमी वाचली. क्लाइव्ह सिंक्लेअर आदल्या दिवशी गेला, ८१ वर्षांचा होता. पडवीत कुणी बोलेना. काकाने चहाची बशी खाली ठेवली. बाबाच शेवटी म्हणाले, “कीबोर्ड तुमचाच चांगला होता रे. मान्य.”

पस्तीस वर्षं काका या एका शब्दासाठी भांडला होता. तो उठला, दुर्वांची परडी घेतली.

“गप रव. माका आज जिंकूचा नाय हा.”

आणि तसाच पावसात निघाला. मागून बाबा ओरडत होते, “अरे, छत्री तरी ने!”