दुर्बिणीला कुंपण, मग विहिरीला का नाही?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जो गेला असेल, त्याने तिथल्या तबकड्या पाहिल्या असतील. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. अशा एकूण ३०. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, शाळेची पोरे ट्रॅक्टर-टेम्पोत भरून येतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्याचे काम या तबकड्या करतात. त्या लहरी इतक्या क्षीण, की इंजिनातली ठिणगी, वेल्डिंग, मोबाईल, कशानेही गोंधळ होतो. म्हणून त्या परिसरात कारखाना आणायचा म्हटले, की आधी विचारतात, दुर्बिणीला त्रास होईल काय? दुर्बीण एकदा बिघडू द्या, मग पंचनामा करू, असे कोणी म्हणत नाही.

याबद्दल आमची तक्रार नाही. दुर्बिणीची काळजी घ्यायलाच हवी. प्रश्न एवढाच, की कारखाना येताना शेजारच्या विहिरीला काय होईल, हे त्याच काटेकोरपणे कोण विचारतो? आपण कोरडवाहू माणसे. कपाशी आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर. शिवारात एखादी विहीर, तीच माणसांची, तीच गुरांची. ती नासली तर दुसरी कुठून आणायची?

बिछडीची गोष्ट

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ च्या सुमारास तिथे रासायनिक कारखान्यांनी एच-ॲसिड बनवायला सुरुवात केली. रंगाच्या धंद्यात लागणारा हा माल परदेशी जाणारा. सुमारे ३७५ टन माल निघाला आणि त्यामागे जवळजवळ अडीच हजार टन विषारी गाळ उरला. तो उघड्यावर टाकला. पावसाचे पाणी त्यातून झिरपले आणि गावच्या विहिरी लाल-तपकिरी झाल्या. माणसांनी प्यायचे सोडाच, पिकालाही ते पाणी चालेना. लोक खवळून रस्त्यावर आले, १४४ कलम लागले. एच-ॲसिडचे उत्पादन १९८९ मध्ये थांबले. म्हणजे कारखान्याने विष ओकले ते फार थोडा काळ.

निस्तरायला किती काळ लागला पाहा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ फेब्रुवारी १९९६ चा. न्यायालयाने स्वच्छ सांगितले, की ज्याने घाण केली त्यानेच भरपाई द्यायची आणि त्यानेच जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च सोसायचा. रक्कम ठरली सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये. कारखानदाराने अर्जांवर अर्ज केले. २०११ मध्ये न्यायालयाने १९९७ पासूनचे १२ टक्के चक्रवाढ व्याज आणि वर १० लाख खर्च लावला. तोवर १९८८ साली पाळण्यात असलेले पोर बापाच्या नासलेल्या विहिरीकडे बघत कर्ते झाले होते.

भोपाळ तर आपल्या कपाशीचेच नाते सांगते. तिथल्या कारखान्यात बनणारे सेव्हिन हे कपाशीवर फवारायचे कीटकनाशक. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, हजारो माणसे मेली. आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा हलायला जानेवारी २०२५ उजाडला. हलवला कुठे? पीथमपूरला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. २०२५ च्या जूनअखेर तो जाळून झाला. पण जाळला तो फक्त साठवलेला कचरा. नासलेल्या मातीचा अंदाज २०१० मध्ये ११ लाख टनांचा होता.

आपल्याकडे

महाराष्ट्रात असा घातक कचरा पुरण्या-जाळण्याच्या सामाईक जागा आहेत. तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, बुटीबोरी आणि आपल्या पुणे जिल्ह्यातले रांजणगाव. रांजणगावशेजारच्या निमगाव भोगीचे लोक पाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत.

गळक्या तेलाचे तर कुणी मनावरच घेत नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात. टाकीतून ठिबकणारे तेल त्या भेगांतून मुरुमात, तिथून खडकाच्या चिरांत जाते. वेळीच कळले तर तेलकट माती खरवडून काढता येते. तेल खाणारे जिवाणू मातीत मिसळून, नांगरट करून, ओल राखून काही महिन्यांत जमीन बरीच सुधारते. आसाम-गुजरातच्या तेलक्षेत्रांत असे काम झालेले आहे. पण एकदा खडकाच्या चिरांत शिरलेले तेल वर्षानुवर्षे उपसत बसावे लागते. जड धातूंना तर कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही. थोडक्यात, गळती पहिल्या आठवड्यात सापडली तर खर्च हजारांत, दहा वर्षांनी सापडली तर कोटींत. आणि सापडवायची कोणी? पाण्याला वास आला म्हणून सांगणाऱ्या शेतकऱ्यानेच. वर पुरावाही त्यानेच आणायचा!

जाता जाता आपल्या पदरातलेही बघू. ट्रॅक्टरचे जळके तेल इंजिनघराशेजारी ओतणारे आपल्यातही आहेत. कायद्याने तेही घातक कचऱ्यातच मोडते. ते ओतणे आजपासून बंद.

मागणी काय?

आम्ही कारखान्यांचे वैरी नाही. पोरांना काम हवे आहे. आणखी चार इन्स्पेक्टर नेमा, असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांचे हप्ते शेवटी आपल्याच बोडक्यावर बसतात. आमचे म्हणणे हिशेबाचे आहे. कचऱ्याची विल्हेवाट हा कारखान्याचा उत्पादनखर्च. तो त्याने शेजारच्या विहिरीत ओतला, तर ती शेतकऱ्याकडून न विचारता वसूल केलेली सबसिडी झाली. भाव पाडून लुटायचे आणि पाणी नासवूनही लुटायचे, हे चालणार नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव करावेत. एक, कारखाना सुरू होण्याआधी आसपासच्या प्रत्येक विहिरीचे पाणी कारखान्याच्या खर्चाने तपासावे आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. पुढे पाणी बिघडले, तर आपण निर्दोष आहोत हे कारखान्याने सिद्ध करावे. दोन, साफसफाईची रक्कम कारखान्याने आधीच अनामत ठेवावी. कारखाना बुडाला, मालक परागंदा झाला, तरी पैसा जागेवर राहील. तीन, २०१६ च्या नियमांप्रमाणे कारखान्याला घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि तो कुठे गेला याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद माहितीच्या अधिकारात गावागावाने मागावी.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांबद्दल नवे नियम केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करायची आहे. कळल्यापासून ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आहे. मात्र सफाई कधी पुरी करायची, याची मुदत त्यात घातलेली नाही. ही फट शहाण्या वकिलाला पुरेशी आहे. मुदत घाला, ही मागणी आताच लावून धरली पाहिजे. आणि आपल्या शिवारात संशयाची जागा असेल तर तिची नोंद लेखी करून पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

कोट्यवधी कोसांवरच्या ताऱ्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून खोडदला सरकार आधी विचार करते. शंभर पावलांवरच्या विहिरीसाठीही तसाच आधी विचार झाला पाहिजे. तो आपोआप होणार नाही, आपल्यालाच करायला लावावा लागेल.