दोन केबल म्हणजे दुप्पट वेग नव्हे

मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे जीआयपी आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांचे रूळ जुळले व मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. पुढे नागपूर-बिलासपूरवरून दुसरा, कमी अंतराचा मार्ग तयार झाला. मुंबई-हावडा मेल गाड्या आजही या दोन्ही वाटांनी धावतात. एखाद्या ग्रंथाची पाने आलटून-पालटून या दोन गाड्यांत टाकली, तर हावड्यास ती क्रमाने पोहोचणार नाहीत, हे कोणालाही कळते. संगणकांच्या जाळ्याबाबत मात्र हाच विचार सुटतो.

सर्व्हरला एकेक गिगाबिटच्या दोन केबल जोडल्या की दोन गिगाबिट मिळतील, ही समजूत मोठी चिवट आहे. लिनक्स कर्नलमधील बाँडिंग ड्रायव्हर पॅकेटे आळीपाळीने वाटू शकतो. किंबहुना काही न सांगितल्यास तो तसेच करतो. परंतु दोन वाटांच्या वेगात फरक पडला की पॅकेटे मागेपुढे पोहोचतात. तीन दुबार पोचपावत्या आल्या की पारंपरिक टीसीपी पॅकेट हरवले असे मानते, ते पुन्हा पाठवते आणि स्वतःचा वेगही घटवते. अलीकडे ही असहिष्णुता कमी झाली आहे, संपलेली नाही.

म्हणून पॅकेटांऐवजी प्रवाह वाटणे इष्ट. पत्त्यांवरून हॅश काढायचा आणि एक प्रवाह एकाच केबलवर ठेवायचा. रूटिंगच्या स्तरावर लिनक्सनेही हा धडा गिरवला: ३.६ आवृत्तीत रूट कॅश काढल्यावर वाटप पॅकेटनिहाय झाले होते. २०१६ च्या ४.४ आवृत्तीत ते हॅशवर आणले गेले.

याची किंमत अशी की एकच मोठी फाइल एका केबलच्या वेगापलीकडे जात नाही. त्याहून फसवी गोष्ट बाँडिंगच्या हॅशची. तो मुळात मुख्यतः मॅक पत्ते पाहतो. संस्थेबाहेर जाणारी सारी पॅकेटे एकाच राउटरकडे जात असतील, तर पत्त्यांची जोडी एकच, हॅश एकच, आणि दुसरी केबल रिकामी! बिघाड कोठेच दिसत नाही; खर्च मात्र झालेला असतो. पहिली तुटल्यावर दुसरी उपयोगी पडते, हे खरेच. पण मग तिला विमा म्हणावे, वेग म्हणू नये.

जबलपूरच्या ट्रिपल आयटीडीएममधील वा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हे सारे एका लॅपटॉपवर, नेटवर्क नेमस्पेस वापरून, पाहता येईल. एका वाटेत काही मिलिसेकंदांचा विलंब घालावा, हॅशचे धोरण बदलावे आणि दोन्ही इंटरफेसवरून गेलेल्या बाइटांचे आकडे शेजारी मांडावेत. परीक्षेत बाँडिंगच्या सात पद्धतींची नावे विचारण्यापेक्षा ते आकडे तसे का आले, हे विचारावे.